झटपट बदलणारं फिक्स्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), एक जुनं मिलिंग आणि कोपऱ्यात फिक्स्चरचं, म्हणजे मशीनवर जॉब (कापायचा नग) धरून ठेवणाऱ्या साधनाचं काम. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंतचे ओळखीचे लोक येतात, चहा घेतात आणि फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे लिहून ठेवले आहेत. उत्तरं आमच्या अनुभवातली आहेत. तुमचा जॉब वेगळा असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करून घ्या.

यात नेमकं काय झटपट बदलतं?

फिक्स्चर बदलतं. झिरो, म्हणजे मशीन जिथून मापं मोजते तो बिंदू, बदलत नाही. सगळी गंमत एवढ्यातच आहे.

नेहमीच्या पद्धतीत टेबलावर फिक्स्चर ठेवायचं, टी-नट (टेबलाच्या खाचेत बसणारे नट) सरकवायचे, डायल (बारीक फरक दाखवणारं घड्याळ) लावून कडा सरळ करायची, ठोकत ठोकत दहा-वीस मायक्रॉनमध्ये (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी) आणायची, बोल्ट आवळायचे, आवळल्यावर ती पुन्हा हलली की पुन्हा ठोकायची आणि शेवटी एज फाइंडरने (जॉबची कडा शोधणाऱ्या टूलने) झिरो घ्यायचा. पुढच्या आठवड्यात तोच जॉब परत आला की हे सगळं पहिल्यापासून.

झटपट पद्धतीत टेबलावर एक जाड बेस प्लेट कायमची बसवतात. तिच्यात हार्ड केलेले बुश (पिना बसण्याच्या पोलादी नळ्या) ठरलेल्या अंतरावर असतात. प्रत्येक फिक्स्चरच्या तळाशी त्याच अंतरावर पिना किंवा बुश असतात. फिक्स्चर ठेवलं, लॉक केलं की ते मागच्या वेळी होतं तिथेच बसतं. डायल लावायची गरजच राहत नाही. बोल्ट पटकन आवळला जातो हा वरचा फायदा. खरा वेळ वाचतो तो डायलचा.

आमच्याकडे दोनच मशीन आहेत. परवडेल का?

मशीन किती आहेत यापेक्षा दिवसात सेटिंग किती वेळा मोडता ते सांगा. एकच जॉब तीन-तीन महिने चालत असेल तर हे वाचून सोडून द्या. पण आता चाळीस नगांच्या, साठ नगांच्या ऑर्डरी येतात आणि सकाळी लावलेलं दुपारी उतरवावं लागतं.

समजा दिवसाला ४ सेटिंग, प्रत्येकी ५० मिनिटं. म्हणजे २०० मिनिटं मशीन नुसतं उभं. तीच १० मिनिटांवर आली तर १६० मिनिटं सुटली. तासाचा रेट ५०० रुपये धरला तर दिवसाला तेराशेच्या आसपास, महिन्याचे २५ दिवस धरले तर तेहतीस हजार. कागदावर हिशेब छान दिसतो. पण तो खरा ठरायला त्या सुटलेल्या वेळेत लावायला काम हवं. काम नसेल तर सेटर लवकर मोकळा होऊन मोबाईल बघेल, एवढाच फरक.

या हिशेबात न दिसणारा एक फायदा आहे. सेटिंगला तास लागतो म्हटलं की आपण पाच नगांची ऑर्डर टाळतो, किंवा ‘एकदम शंभर करून ठेवू’ म्हणत माल गंजवतो. दहा मिनिटांत सेटिंग होत असेल तर पाच नगांनाही हो म्हणता येतं.

पैसे न घालता आधी काही करता येईल का?

येईल, आणि तेच आधी करा. पुढचं सेटिंग सुरू झालं की कोणाला तरी मोबाईलवर शूटिंग करायला सांगा. आम्ही केलं तेव्हा ५२ मिनिटांतली फक्त ९ मिनिटं प्रत्यक्ष आवळण्यात गेली होती. बाकी काय, तर १० नंबरची ॲलन की शोधणं, ती शेजारच्या मशीनवर सापडणं, टी-नटात अडकलेली चिप (कापलेल्या धातूचा कीस) उकरणं, ड्रॉइंग ऑफिसातून आणणं आणि मधेच चहा.

शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने याचीच फोड केली होती. मशीन बंद ठेवूनच करावं लागणारं काम वेगळं, मशीन चालू असताना करता येणारं काम वेगळं. दुसरं सगळं आधी उरकून ठेवायचं. टोयोटात १९६९ साली एक हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत, ते त्याने आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. आपल्याकडे प्रेस नाही, पण ॲलन की हरवतेच. प्रत्येक फिक्स्चरची स्वतःची ट्रे करा. त्यात बोल्ट, की, टूल लिस्ट, गेज. एवढ्याने आमची १५ ते २० मिनिटं सुटली, खर्च ट्रेचा.

पद्धती कोणकोणत्या आहेत?

साध्यापासून सुरू करू. बेस प्लेटवर दोन डॉवेल (जागा धरणाऱ्या पिना), एक गोल आणि एक डायमंड (दोन बाजू तासलेली), आणि चार बोल्ट. स्वस्त, भरवशाचं, स्वतःच्या टूल रूममध्ये होण्यासारखं. बोल्ट आवळण्यात चार-पाच मिनिटं जातात, जाऊ द्या.

पुढची पायरी बॉल लॉक. यात एक शँक (दांडा) फिक्स्चर प्लेटमधून खाली बेस प्लेटच्या बुशमध्ये उतरतो. वरून ॲलन कीने स्क्रू फिरवला की आतला गोळा खाली दाबतो आणि त्याच्या आजूबाजूचे तीन गोळे बाहेर ढकलतो. ते बुशच्या आतल्या तिरक्या भिंतीत अडकतात आणि प्लेट खाली ओढली जाते. जागा धरणं आणि आवळणं एकाच झटक्यात होतं. बनवणारे साधारण ०.०१३ मिमीच्या आत परत बसण्याची हमी देतात. व्हीएमसीवरच्या बहुतेक कामाला ते भरपूर झालं. माझं मत विचाराल तर आपल्या भागातल्या जॉबवर्कवाल्यांसाठी योग्य जागा हीच.

सगळ्यात वर झिरो पॉइंट. फिक्स्चरच्या तळाला पुल स्टड (खाली ओढले जाणारे खुंटे), बेसमध्ये चक (ते खुंटे पकडणारं साधन). चकमध्ये दणकट स्प्रिंगा असतात आणि त्या कायम पकडून ठेवतात. साधारण ६ बार हवा दिली की पकड सुटते. बटण दाबलं, उचललं, दुसरं ठेवलं, हवा काढली, झालं. ५ मायक्रॉनच्या आत परत बसतं. किंमत मात्र तशीच, आणि चार चक घेतले म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक फिक्स्चरला चार स्टड लागतात. वीस फिक्स्चर असतील तर ऐंशी स्टड. हा हिशेब विकणारा आपणहून सांगत नाही.

त्यालाच आणखी एक विचारा. कॅटलॉगमध्ये दोन ताकदी असतात. एक ओढून धरण्याची, म्हणजे स्प्रिंग स्टडला खाली किती जोराने खेचते ती. दुसरी टिकून राहण्याची, म्हणजे वर उपटायचा प्रयत्न केला तर कुठपर्यंत सुटणार नाही ती. दुसरा आकडा नेहमी मोठा आणि ठळक छापलेला असतो. फेस मिलने (सपाट पृष्ठभाग कापणाऱ्या टूलने) जोराने कटिंग करताना कामाला येतो पहिला.

दोन्ही पिना गोल बसवल्या तर काय बिघडतं?

आम्ही बसवल्या होत्या, म्हणून सांगतो.

डिसेंबरात एक ॲल्युमिनियमचं फिक्स्चर केलं. दोन पिनांत ३०० मिमी अंतर, दोन्ही गोल, दोन्ही घट्ट फिट. सकाळच्या गारव्यात लोण्यासारखं बसलं. मे महिन्यात तेच फिक्स्चर खिडकीजवळच्या रॅकवर पत्र्याच्या झळेत पडलेलं होतं. दुपारी दोनला लावायला घेतलं तर एक पिन आत आणि दुसरी वर अडकलेली. हातोड्याने बसवलं, आणि दिवस मावळताना ते निघेना. बुशला ओरखडा आला तो आजही आहे.

कारण सोपं आहे. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, स्टील १२ च्या आसपास. स्टीलची बेस प्लेट आणि ॲल्युमिनियमचं फिक्स्चर दोन्ही १५ अंशांनी तापली तर ३०० मिमीत जवळपास ५० मायक्रॉनचा फरक पडतो. २० मिमीच्या भोकाला एच७ आणि पिनेला जी६ (मापातल्या सुटीचे ठरलेले वर्ग) असं साधं फिट घेतलं तर मोकळीक ७ ते ४१ मायक्रॉन. जाणार कुठे?

म्हणून एक पिन गोल आणि दुसरी डायमंड. गोल पिन जागा ठरवते, डायमंड पिन फक्त फिरू देत नाही. आता सर्वात जास्त होणारी चूक: डायमंड पिनेच्या तासलेल्या बाजू दोन पिनांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने असल्या पाहिजेत आणि भोकाला टेकणाऱ्या बाजू त्या रेषेच्या काटकोनात. उलटी बसवलीत तर ती ना अंतराची मोकळीक देते, ना फिरणं रोखते. असं उलटं बसवलेलं फिक्स्चर आमच्याकडे दुरुस्तीला येतं आणि मालकाची तक्रार असते की ‘डॉवेल घट्ट होतंय, थोडं पॉलिश मारून द्या’.

झिरो पॉइंटमध्येही हाच नियम वेगळ्या कपड्यात आहे. एक स्टड पूर्ण जागा धरणारा, एक फक्त एका दिशेने धरणारा, उरलेले बारीक व्यासाचे, नुसते खाली ओढणारे. चारही एकसारखे मागवू नका.

पिनांमधलं अंतर जमेल तेवढं जास्त ठेवा. १०० मिमीवर दोन पिना असतील आणि त्यात २० मायक्रॉन खेळ असेल, तर ४०० मिमी लांबच्या टोकाला तोच खेळ ८० मायक्रॉनचा होतो. कोपऱ्यांत, तिरप्या रेषेत टाकल्या तर उत्तम.

प्लेट लोखंडाची की ॲल्युमिनियमची?

बेस प्लेट स्टीलची. ७०० बाय ४०० बाय ४० मिमीची प्लेट सुमारे ८८ किलो भरते, पण ती एकदाच चढवायची आहे. फिक्स्चर प्लेट रोज हाताने उचलायची, म्हणून तिथे विचार करा. ४०० बाय ३०० बाय २५ मिमीची स्टीलमध्ये साडेतेवीस किलो, ॲल्युमिनियममध्ये आठ. रात्रपाळीचा ऑपरेटर चोवीस किलोची प्लेट पिनेवर अलगद ठेवत नाही, टाकतो. त्या टाकण्याने पिनेच्या तोंडाला मार बसतो. म्हणून वीस किलोच्या वर गेलं की हुक लावायला टॅप मारून ठेवा, नाहीतर ॲल्युमिनियम घ्या आणि भोकांत हार्ड बुश ठोका.

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून गॅस कटिंग केलेली प्लेट आणली तर ती लगेच फिनिश करू नका. दोन्ही बाजू रफ करा, स्ट्रेस रिलीव्हिंगला (तापवून आतला ताण काढायला) पाठवा, मग फिनिश. एका बाजूनेच साल काढली तर क्लॅम्प सोडल्या सोडल्या प्लेट पापडासारखी वळते.

बुशचे बोअर (अचूक भोकं) कुठे मारायचे?

ज्या मशीनवर प्लेट बसणार त्याच मशीनवर. आधी टी-स्लॉटमध्ये की बसवून प्लेट सरळ करा, आवळा, वरून पातळ फेसिंग घ्या, मग बोअर. फेसिंग तिथेच घेतल्यामुळे प्लेट त्या मशीनच्या चालीला समांतर होते. जुने लोक यावर नाक मुरडतात, कारण टेबलातला दोष प्लेटखाली झाकला जातो. त्यांचं चूक नाही. प्लेट पुढे दुसऱ्या मशीनवर नेली तर हा फायदा शून्य होतो. पण ती हलवायचीच नसेल तर मला हीच पद्धत पटते.

फिक्स्चर प्लेटचे बोअरही शक्यतो तिथेच, टेबलाच्या त्याच भागात मारा. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूमधली चूक दोन्हीकडे सारखीच येते आणि आपोआप कटते. बाहेरून करून आणलंत तर पैसे देण्याआधी सीएमएम (अचूक मापं घेणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट मागा, आणि कोणत्या तापमानाला मोजलं तेही विचारा. एसी खोलीत २० अंशांना मोजलेली प्लेट मे महिन्यातल्या शॉपमध्ये तेच माप दाखवत नाही.

कॅटलॉगात पाच मायक्रॉन लिहिलंय. खरंच मिळतात?

स्वच्छता असेल तर मिळतात. २०० मिमी टेकण असलेल्या प्लेटच्या एका कडेखाली ०.१ मिमीची चिप राहिली तर १०० मिमी उंचीवरचा जॉब ५० मायक्रॉन बाजूला झुकतो. मग कॅटलॉगातले ५ मायक्रॉन कुठे शोधायचे?

आमच्याकडे एक जुना सेटर आहे, निवृत्तीला आलेला. तो आधी एअर गनने उडवतो, मग बनियनच्या फडक्याने पुसतो आणि मग तळहात सपाट ठेवून प्लेटवरून हळू फिरवतो, डोळे दुसरीकडे. डोळ्याला न दिसणारी चिप त्याच्या तळहाताला लागते. लागली की नखाने काढतो, तिथे ऑइल स्टोन दोनदा फिरवतो आणि पुन्हा तळहात. नवीन पोरं फडकं मारून लगेच प्लेट ठेवतात. फडक्याचा धागा राहिला तरी फिक्स्चर बसतं आणि पहिला पीस बिघडतो. हे पोरांना सांगून कळत नाही. एकदा धागा दाखवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायला लावा, मग कळतं.

टेकणारा भाग कमी ठेवणं हा दुसरा उपाय. अख्खा तळ टेकवण्याऐवजी बुशभोवती आणि कोपऱ्यांत उंच पॅड ठेवा, मधलं अर्धा मिमी खाली घ्या. पुसायची जागा कमी, चूक कमी.

ऑफसेटचं (मशीनमधल्या झिरोच्या नोंदीचं) काय करायचं?

बेस प्लेटवरच्या एका बुशचं केंद्र मशीनवर एकदाच नीट मोजा आणि रंगाने खूण करा. तो तुमचा मैलाचा दगड. प्रत्येक फिक्स्चरवरचा जॉबचा झिरो त्या बुशपासून किती लांब आहे ते फिक्स्चरवरच कोरा. मशीनला फॅनक कंपनीचा कंट्रोल असेल तर प्रोग्रामच्या सुरुवातीला जी१० या आज्ञेने तो आकडा थेट जी५४ मध्ये, म्हणजे झिरोच्या नोंदीत, लिहिता येतो. ऑपरेटरने हाताने आकडे मारायचा प्रश्नच उरत नाही. ऋण चिन्ह विसरल्यामुळे टूल क्लॅम्पवर जाण्याचे प्रकार सगळ्यांनीच पाहिलेले आहेत.

फिक्स्चर १८० अंश उलटं बसू शकत असेल तर कधी ना कधी ते उलटं बसणारच. आमच्याकडे रात्री साडेतीनला बसलं. पिना दोन्हीकडून सारख्या, दोष डिझाइनचा, म्हणजे माझाच. ड्रिल थेट स्ट्रॅप क्लॅम्पमध्ये गेलं. स्पिंडल वाचला, होल्डर गेला. तेव्हापासून आमच्या पिना मध्यरेषेपासून मुद्दाम ५ मिमी सरकवलेल्या असतात. उलटं ठेवलं तर बोल्टची भोकं जुळतच नाहीत.

चालू कटिंगमध्ये लाईट गेली तर जॉब सुटेल का?

झिरो पॉइंटमध्ये नाही. पकड स्प्रिंगची, हवा फक्त सोडायला लागते. मात्र काही चकमध्ये पकड वाढवायला वरून हवा देण्याची सोय असते. तशा चकवर जड कटिंग करत असाल तर हवा गेल्यावर तेवढी वाढीव पकडही जाऊ शकते. बॉल लॉक आणि बोल्टचा लाईटशी संबंध नाही.

पावसाळ्यात काय त्रास होतो?

जून ते सप्टेंबर गंज हा आपल्याकडे पाहुणा नसून भाडेकरू असतो. खाडीची हवा, वरून पाऊस. शनिवारी रात्री पुसून ठेवलेली प्लेट सोमवारी सकाळी तांबूस दिसते. बुशमध्ये रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइलचा हात मारा आणि रिकाम्या बुशला प्लास्टिकचं झाकण लावा. कूलंट (कटिंग थंड ठेवणारं द्रावण) नुसतं पाणी टाकून वाढवत राहू नका, रिफ्रॅक्टोमीटरने (त्याचा दाटपणा मोजणाऱ्या साधनाने) बघा. पातळ झालेलं कूलंट पावसापेक्षा जास्त गंज आणतं.

झिरो पॉइंटवाल्यांनी हवेची लाईन बघायची. या महिन्यांत कॉम्प्रेसरच्या टाकीतून ग्लासभर पाणी रोज निघतं. ते चकमध्ये गेलं की स्प्रिंगा आतून गंजतात आणि पकड कमी झालेली बाहेरून कळत नाही. टाकी रोज सकाळी ड्रेन, लाईनला एफआरएल युनिट (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर), आणि चार चकच्या वर असाल तर एअर ड्रायर घ्याच.

मशीनची उंची कमी पडेल का?

पडू शकते. ४० ची बेस प्लेट आणि २५ ची फिक्स्चर प्लेट म्हणजे ६५ मिमी गेले. वर जॉब, त्यावर लांब ड्रिल, त्यावर होल्डर. ऑर्डर देण्याआधी सर्वात उंच जॉब आणि सर्वात लांब टूल यांची बेरीज करा, टूल बदलताना खालून मोकळं जातंय ना तेही बघा.

आमचं सगळं काम वाईसमध्ये (शिकंजात) होतं.

मग वाईसलाच फिक्स्चर समजा. त्याच्या तळाला प्लेट लावा, प्लेटला पिना. वाईस उतरवला-चढवला तरी डायल नको. सॉफ्ट जबडे जॉबप्रमाणे कापून नंबर टाकून ठेवा. सुरुवात करायला याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

सामान कुठून आणायचं?

डॉवेल, डायमंड पिना, लायनर बुश मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात. जाताना मायक्रोमीटर खिशात ठेवा आणि दुकानातच दहातल्या तीन पिना मोजा. दुकानदार रागावत नाही, त्याला सवय आहे. स्वतः करायच्या असतील तर ओएचएनएस (तेलात हार्ड होणारं टूल स्टील) घेऊन ५८ ते ६० एचआरसीला (कडकपणाचं माप) हार्ड करा आणि मग ग्राइंड. झिरो पॉइंट आणि बॉल लॉकमध्ये अगदी स्वस्ताच्या मागे लागू नका. गोळा झिजला की प्लेट ओढली जात नाही आणि ते कळतं जॉब उडाल्यावर.

बेस प्लेट कधी उतरवावी लागते का?

टक्कर झाली असेल तर लगेच. नाहीतर आमच्याकडे वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. पाऊस नुकताच संपलेला असतो आणि प्लेटखाली काय साचलंय ते बघण्याची हीच वेळ. टी-स्लॉटमधली वर्षभराची चिप आणि काळं चिकट कूलंट खरवडून निघतं, टेबलाला तेलाचा हात बसतो, प्लेट परत चढते, डायलने तपासून खुणेच्या बुशचं केंद्र पुन्हा मोजलं जातं आणि नवा आकडा जुन्याच्या खाली तारखेसह खडूने पॅनलच्या दारावर लिहिला जातो. दुसऱ्या दिवशी त्याच दारावर झेंडूची माळ लागते, म्हणून आकड्यांसाठी जागा जरा खाली ठेवली आहे.